भावाच्या रिपोर्टमधलं उंदराचं जनुक

अबोली (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. घरात या विषयावर कुणाशी बोलायचं तेच कळत नाहीये.

माझा धाकटा भाऊ, वय ३४. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूचा ताप १०३ वर गेला आणि पहाटे तो बाथरूमच्या दारात कोसळला. अर्ध्या मिनिटात उठून बसला आणि मलाच म्हणाला, "ओरडतेस काय एवढी?" इस्पितळात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजी पाहिला आणि पुन्हा काढायला लावला. मग मोठे डॉक्टर आले. निदान झालं ब्रुगाडा सिंड्रोमचं, म्हणजे हृदयाची लय अचानक बिघडू शकते असा आजार. ताप उतरल्यावर तोच ईसीजी जवळजवळ नॉर्मल!

पुढे जनुकीय तपासणी झाली. ज्या जनुकाची भीती घातली होती, त्या एससीएन५एमध्ये काहीच निघालं नाही. पण दुसऱ्या पानावर 'रँगआरएफ' नावाच्या जनुकात एक बदल आहे आणि त्यापुढे लिहिलंय, 'अर्थ अनिश्चित'. या जनुकाबद्दल वाचायला बसले तर जिकडेतिकडे उंदीर. उंदराचं जनुक, उंदराच्या हृदयपेशी, उंदरावरचे उपचार. रोज रात्रीचे दोन वाजतात.

हे जनुक हृदयाच्या सोडियम चॅनेलचं नियमन करतं असं त्या सगळ्यात लिहिलंय. मग भावाचा आजार त्यानेच झाला असं धरायचं का? आणि त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. तिचं रक्त द्यायचं का तपासायला?

हापूसप्रेमी (सोमवार, रात्री ९:५८)

अबोली, भाऊ आता बरा आहे ना? ते आधी सांगा. विज्ञानातलं मला काही कळत नाही. सशाचं काळीज ऐकून होतो, उंदराच्या काळजावर एवढा अभ्यास होतो हे आजच कळलं. जाणकार येतीलच, तोवर धागा वर राहावा म्हणून हा प्रतिसाद.

सुलभाकाकू (सोमवार, रात्री १०:१५)

अगं बाळा, दोन दोन वाजेपर्यंत जागू नकोस. एक विचारते, सोडियम म्हणजे मीठच ना? मग त्याचं लोणचं-पापड बंद करून काही फरक पडेल का? आमच्या ह्यांना बीपीसाठी तसंच सांगितलं होतं.

रक्तचंदन (सोमवार, रात्री ११:०५)

काकू, प्रश्न रास्त आहे, हाच प्रश्न मला ओपीडीत नेहमी विचारतात. सोडियम तेच, पण इथे भानगड ताटातल्या मिठाची नाही. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या पापुद्र्यात सूक्ष्म दारं असतात, त्यांनाच सोडियम चॅनेल म्हणतात. ठोका सुरू होताना ती एका मिलिसेकंदाच्याही आत उघडतात, सोडियम आत घुसतो, पेशी पेटते आणि दारं लगेच मिटतात. शेजारची पेशी या पेशीमुळे पेटते, मग तिच्या शेजारची. हृदयातल्या या दाराचं नाव एनएव्ही१.५, आणि ते बनवण्याची कृती ज्या जनुकात आहे ते एससीएन५ए. रक्तातला सोडियम ठीक असला तरी दारं कमी असली किंवा नीट उघडत नसली की ठोक्याची लाट अडखळते. मीठ कमी-जास्त करून दारांची संख्या बदलत नाही.

पेद्रो आणि जोसेप या ब्रुगाडा बंधूंनी १९९२ मध्ये आठ रुग्णांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. एससीएन५एशी त्याचा संबंध १९९८ मध्ये सापडला. ईसीजी बदलत राहणं हे या आजाराचं लक्षणच आहे, ताप आला की तो उघडा पडतो. अबोली, त्या ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा ईसीजी काढला यासाठी त्यांना माझा नमस्कार सांगा. डेंग्यूच्या गर्दीत ही गोष्ट सहज निसटते.

भावासाठी जनुकाच्या आधी दोन गोष्टी. ताप आला की 'बघू उद्या' करायचं नाही, लगेच उतरवायचा. डेंग्यूसारख्या तापात पॅरासिटामॉलच, बाकीची ताप-दुखीची औषधं नकोत. आणि कुठलंही नवं औषध किंवा भूल घेण्याआधी निदान सांगायचं. हृदयाची लय सांभाळणारी काही औषधं, नैराश्यावरची काही औषधं, भुलीची काही इंजेक्शनं हीच दारं बंद करतात.

पेशीवाला (मंगळवार, सकाळी ७:३०)

माझं रोजचं काम हृदयपेशींवरच आहे, त्यामुळे राहवलं नाही. जरा मोठं लिहितो.

रँगआरएफमधून जे प्रथिन बनतं त्याला बहुतेक लोक मॉग१ म्हणतात. त्याची ओळख हृदयात झालीच नाही. १९९८ मध्ये ते यीस्टमध्ये सापडलं, म्हणजे ज्याने पाव फुगतो त्या बुरशीत. पेशीकेंद्रकातून मालाची ने-आण 'रॅन' नावाचं प्रथिन बघतं, मॉग१ त्याच्या हाताखालचा गडी. २००० मध्ये सस्तन प्राण्यांतल्या मॉग१चं हेच काम दाखवलं गेलं आणि रँगआरएफ हे लांबलचक नाव त्यावरूनच पडलं. तोवर हृदयाचा विषयसुद्धा नव्हता.

२००८ मध्ये क्लीव्हलंडच्या एका गटाने हृदयाच्या सोडियम चॅनेलचा एक तुकडा आमिष म्हणून लावला आणि त्याला कोण चिकटतं ते पाहिलं. गळाला लागला हा केंद्रकाच्या दारातला गडी! नवजात हृदयपेशींत मॉग१ वाढवला तर सोडियमचा प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला. नवी दारं बनली म्हणून नव्हे, तर बनलेली दारं पेशीच्या पृष्ठभागावर जास्त संख्येने पोचली म्हणून.

एसटीचं उदाहरण घ्या. डेपोत गाड्या उभ्या आहेत, डिझेल भरलंय, पण फलाटाला एकच लागलीय. प्रवाशाच्या दृष्टीने गाड्या नाहीतच. मॉग१ म्हणजे डेपोतून गाडी फलाटावर लावणारा माणूस. २०१३ मध्ये दिसलं की एससीएन५एमधल्या काही बिघाडांत चॅनेल बनतं पण आतच अडकून पडतं, आणि मॉग१ वाढवलं की ते पृष्ठभागावर येतं. इंजिनच मोडलं असेल तर हा माणूस काही करू शकत नाही. पण गाडी नुसती डेपोत अडकली असेल तर करू शकतो.

एवढ्या छोट्या प्रथिनाने एवढं काम करावं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

शंकासुर (मंगळवार, सकाळी ९:१०)

उदाहरण झकास. पण उंदरावरून माणसाचं हृदय ओळखण्याला माझी हरकत आहे. उंदराचं हृदय मिनिटाला ५००-६०० वेळा धडधडतं, आपलं ७०-७५. त्याच्या पेशी पेटून विझेपर्यंत आपल्या पेशींचा विद्युत-स्पंद मध्यावरही आलेला नसतो. ब्रुगाडा ओळखतात ईसीजीतल्या ज्या एसटी भागावरून, तो भाग उंदराच्या ईसीजीत आपल्यासारखा सपाट आणि वेगळा दिसतच नाही. मग 'उंदराला ब्रुगाडा झाला' आणि 'उंदराचा ब्रुगाडा बरा झाला' यावर किती विसंबायचं? अबोली रात्र रात्र जागून हेच वाचताहेत म्हणून स्पष्ट लिहितोय.

खवय्या_सांगलीकर (मंगळवार, सकाळी ९:२२)

पेशीवाला, एसटी डेपो कायमचा डोक्यात बसला.
शंकासुर, तुम्ही एसटी म्हटल्यावर मी दोनदा वाचलं, फलाटावरची की ईसीजीतली.

पेशीवाला (मंगळवार, दुपारी १:४५)

शंकासुर, तुमचे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. उंदरातलं एसटीचं उंचावणं मीही हात राखूनच वाचतो. तरीही उंदराने जे शिकवलं ते दुसऱ्या कुठून कळलं नसतं.

२००२ मध्ये केंब्रिजमध्ये एससीएन५ए काढून टाकलेले उंदीर तयार केले. दोन्ही प्रती नसलेली पिल्लं गर्भातच, निम्म्या वाटेवर गेली, त्यांच्या हृदयाचे खालचे कप्पेच नीट घडले नाहीत. एक प्रत असलेले जगले, सोडियमचा प्रवाह साधारण निम्मा, आणि ठोक्याची लाट मंद आणि अडखळती. म्हणजे हे जनुक ठोक्याला लागतंच, पण हृदय घडायलाही लागतं. हे बशीतल्या पेशीत कसं दिसलं असतं?

आणि आता मॉग१कडे सगळ्यांचं लक्ष का आहे ते सांगतो. एससीएन५एचं प्रथिन २०१६ अमिनो आम्लांचं, म्हणजे एका आम्लाला डीएनएची तीन अक्षरं धरली तर नुसती कृतीच ६०४८ अक्षरांची. जनुक हृदयापर्यंत नेण्यासाठी एएव्ही नावाचा विषाणू वापरतात, त्याच्या पिशवीत मावतात जेमतेम ४७०० अक्षरं. एससीएन५ए त्यात मावत नाही. मॉग१ माणसात १८६ अमिनो आम्लांचं, कृती ५५८ अक्षरांची. पिशवीत टाकूनही भरपूर जागा उरते. २०२२ मध्ये हेच करून पाहिलं. माणसातल्या ब्रुगाडाचा एक बिघाड उंदराच्या एससीएन५एमध्ये त्याच जागी आणला (माणसात १७४३वी जागा, उंदरात तीच १७४६वी). मग एएव्ही९मधून मॉग१ दिलं. सोडियमचा प्रवाह सावरला, लयीचा बिघाड कमी झाला. शंकासुर, यात ईसीजीच्या आकाराला बाजूला ठेवा, पण पेशीतला प्रवाह मोजलेला आहे, आणि तो मोजणं उंदरातही तितकंच पक्कं असतं.

अबोली (मंगळवार, रात्री ८:०५)

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, काल अकराला झोपले.

पेशीवाला, तुमचा प्रतिसाद भावाला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणतो, "म्हणजे माझा फलाट लावणारा सुट्टीवर आहे." खूप दिवसांनी घरात हसू आलं. पण मग प्रश्न तोच राहिला. त्याच्या मॉग१मधला बदल म्हणजे हेच ना?

महाडकर (मंगळवार, रात्री ८:५०)

थोडं अवांतर, पण सोडियमच्या दारांचा विषय निघालाय आणि मी महाडचा, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आमच्याकडे लाल विंचू. लहानपणी शेजारच्या घरातला माझ्याच वयाचा मुलगा विंचवाने गेला. संध्याकाळी चावला, रात्री घामाने भिजला, पहाटे तोंडाला फेस. या विंचवाचं विष नसांमधल्या सोडियम दारांना मिटू देत नाही. दारं उघडीच, नसा पेटलेल्याच, शरीरात अॅड्रिनलिनचा पूर येतो आणि हृदय त्या पुरात हरतं, फुप्फुसात पाणी भरतं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आमच्या भागात रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून हे टिपलं, १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढे प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी या विषावर वापरली आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गावात पेढे वाटले.

नसांची दारं वेगळी, हृदयाची वेगळी, हे मला ठाऊक आहे. पण एक दार मिटलं नाही म्हणून पोर जातं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अबोली, तुमची धास्ती मला समजते.

खवय्या_सांगलीकर (मंगळवार, रात्री ९:१५)

महाडकर, वाचून गलबललो.

दारांवरूनच, जपानी फुगू माशाचं विष म्हणे हीच दारं बंद करतं. मग त्यात आधी हृदय बंद का पडत नाही? माणसं श्वास थांबून जातात असं वाचलं होतं.

पेशीवाला (मंगळवार, रात्री ९:४०)

खवय्या, सुरेख प्रश्न. हृदयातल्या चॅनेलच्या तोंडाशी एक अमिनो आम्ल वेगळं आहे, नसांतल्या चॅनेलमध्ये त्या जागी जे असतं त्याऐवजी इथे सिस्टीन. तेवढ्या एका फरकामुळे फुगूचं विष हृदयाच्या दारात सहज बसत नाही, त्याला कितीतरी जास्त मात्रा लागते. नसांची दारं मात्र थोड्या विषानेही बंद होतात, त्यामुळे आधी श्वासाचे स्नायू थांबतात.

नीरजा_ठाणे (मंगळवार, रात्री ११:२०)

जनुकीय समुपदेशन हे माझं काम. अबोलीताई, तुमच्या 'हेच ना?' या प्रश्नावर मी थांबले, कारण नेमकी इथेच घरंच्या घरं चुकीच्या वाटेला लागलेली पाहिली आहेत.

पेशीवाला यांनी लिहिलंय ते सगळं खरं. मॉग१ चॅनेलला पृष्ठभागावर आणतं. पण 'हे जनुक हे काम करतं' आणि 'या माणसातला हा बदल आजार करतो' या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे.

याच जनुकाची हकीकत ऐका. २०११ मध्ये एका ब्रुगाडा रुग्णात मॉग१मधला एक बदल सापडला, प्रयोगशाळेत त्याने चॅनेलचं काम बिघडलं. त्याच सुमारास दुसरा बदल सापडला डेन्मार्कमध्ये, तरुणपणीच हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांत. त्यात १८६ पैकी ६१व्या जागीच प्रथिन तुटतं. पेशीत तपासलं तर मॉग१चा सगळा परिणाम नाहीसा. वाटलं, सापडला चोर. पण तोच बदल निरोगी लोकांतही निघाला. धडधाकट माणसं, ज्यांचं एक जनुक निम्म्याच्याही आधी तुटलेलं, आणि हृदय ठणठणीत.

२०१८ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ब्रुगाडाशी जोडलेली २१ जनुकं एकेक करून तपासली. पुराव्याच्या कसोटीवर एकच टिकलं, एससीएन५ए. बाकीच्या २०चा दावा वादग्रस्त ठरला. त्या २०त रँगआरएफ आहे. आणि एससीएन५एमध्येही दोष सापडतो तो साधारण पाचातल्या एकाच रुग्णात.

म्हणून 'अर्थ अनिश्चित' याचा अर्थ 'थोडासा दोषी' असा नाही. त्याचा अर्थ 'माहीत नाही' एवढाच. भाचीचं रक्त या बदलासाठी तपासू नका, असं माझं मत. निघाला तरी काही कळणार नाही, नाही निघाला तरी ती सुरक्षित ठरणार नाही. तिचा ईसीजी काढा. आईवडिलांचा काढा.

शंकासुर (बुधवार, सकाळी ८:००)

नीरजाताई, प्रतिसाद आवडला, पण मग राग येतो तो वेगळाच. २०१८ मध्ये जे जनुक वादग्रस्त ठरलं ते आजही तपासणीच्या यादीत का? घरच्यांच्या हातात असा कागद देऊन त्यांची झोप उडवायची कशाला?

नीरजा_ठाणे (बुधवार, सकाळी ८:४५)

मलाही राग येतो. यादी लांब असली की तपासणी भारी वाटते, देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. मी हल्ली रक्त घेण्याआधीच अर्धा तास बोलते की असा निकाल येऊ शकतो, आला तर त्याचं काय करायचं. अबोलीताईंना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं.

दुसरी बाजूही सांगते. असे निकाल नोंदले गेले म्हणूनच तो डेन्मार्कमधला बदल निरोगी लोकांतही आहे हे कळलं.

पेशीवाला (बुधवार, सकाळी ९:३०)

नीरजाताई, दंडवत. कालच्या प्रतिसादात मी हे लिहायला हवं होतं. माझ्या विषयाच्या ओढीत अबोलीचा प्रश्न मागे राहिला. २०२२चा उपचारही बिघडलेल्या मॉग१वरचा नव्हता, एससीएन५एमधल्या बिघाडावरचा होता. मॉग१ तिथे औषध होतं, आजार नव्हे.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो (बुधवार, दुपारी १२:१०)

मी रुग्ण म्हणून लिहितो. मला ब्रुगाडा, आयसीडी (लय बिघडली की झटका देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवून ९ वर्षं झाली. जनुकीय तपासणीत शून्य, अगदी काहीही नाही. सुरुवातीला वाटायचं, कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं. आता वाटत नाही. यंत्राने मला एकदाच झटका दिला, चौथ्या वर्षी, झोपेत. कुणीतरी छातीवर लाथ मारल्यासारखा. त्या रात्री त्याने जनुक विचारलं नाही, लय बघितली.

अबोली, भावाशी बोलायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विमानतळावर कुठलं कार्ड दाखवायचं, दारू का सोडली, रात्री तडस लागेपर्यंत का जेवत नाही, सगळं सांगेन.

रक्तचंदन (बुधवार, दुपारी ३:३०)

डोंबिवलीकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अबोली, भावाला यंत्र बसवायचं की नाही हा निर्णय तापातला ईसीजी आणि ते कोसळणं यावर होतो, कोसळण्याचं कारण लयच होती का यावर होतो. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर होत नाही.

अबोली (पुढच्या रविवारी, संध्याकाळी ६:२०)

आठवडाभर आले नाही, धावपळ होती.

आई, बाबा, भाची, तिघांचे ईसीजी झाले. नीरजाताईंच्या सांगण्यावरून छातीवरचे दोन चिमटे नेहमीपेक्षा वरच्या फासळ्यांमध्ये लावूनही काढायला सांगितले, रक्तचंदन यांनीही व्यनित तेच लिहिलं होतं. आईचा आणि भाचीचा स्वच्छ. बाबांचा वरच्या जागेवर थोडा संशयास्पद! बाबा ६६ वर्षांचे, आयुष्यात कधी चक्कर नाही. बाबांचे मोठे भाऊ मात्र चाळिशीत झोपेत गेले होते. घरात ते 'झोपेत सुखाने गेले' असंच आजवर सांगितलं जायचं. परवा आत्याने फोनवर सांगितलं की त्यांना त्या दिवशी ताप होता.

आणि रँगआरएफमधला तो बदल? प्रयोगशाळेने आईबाबांचं रक्त विनामूल्य तपासून दिलं. तो आईकडून आलाय.

नीरजा_ठाणे (रविवार, संध्याकाळी ७:००)

अबोलीताई, आत्याचा तो फोन तुमच्या रिपोर्टच्या सगळ्या पानांपेक्षा मोलाचा आहे. बाबांच्या बाजूच्या सगळ्या चुलतभावंडांचे ईसीजी काढून घ्या. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना काकांची गोष्ट आधी सांगा, कागद नंतर दाखवा.

सुलभाकाकू (रविवार, रात्री ८:१०)

आणि त्या चिमुरडीला ताप आला तर?

अबोली (रविवार, रात्री ८:२५)

काकू, डॉक्टरांनी सांगितलंय की तिला ताप येईल तेव्हा औषध लगेच द्यायचं आणि तापातच एकदा ईसीजी काढून घ्यायचा. वहिनीने फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय. शेजारी भाचीने स्वतः एक उंदीर काढलाय, पोटावर लाल हृदय असलेला. तिला कुणीतरी सांगितलं की बाबाच्या औषधासाठी उंदीर मदत करतात.